काचेच्या घरातील शेजार

मात्स्यन्याय हा शब्द आम्ही विद्यार्थिदशेत प्रथम ऐकला, तेव्हा त्याचा माशांशी काही संबंध असेल असे आम्हांस क्षणभरही वाटले नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा शब्द येतो तो राजाची आवश्यकता पटविण्यासाठी. दंड धारण करणारा कोणी नसला म्हणजे बलवान दुर्बलास गिळतो, जसा मोठा मासा लहान माशास. या स्थितीने गांजलेल्या प्रजेने मनूस राजा केले, असा तो युक्तिवाद. परीक्षेत आम्ही त्यावर चार पाने लिहिली व गुणही बरे मिळविले. परंतु या न्यायाचे ज्यांच्यावरून नाव पडले, त्या माशांचा प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो हे पाहावे, असे मात्र आमच्या मनात कधी आले नाही. तो योग साठी उलटल्यावर आला, आणि तो दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा एका काचेच्या पेटीने आणला. आमचे राज्यशास्त्र किती कच्चे होते हे त्या पेटीने दाखवून दिले. तिची हकीकत वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पेटी घरात आली तिचे कारण आमचा नातू. आमच्या मुलीची बदली नागपूरहून पुण्यास झाली ती दिवाळीनंतर, म्हणजे शाळेचे अर्धे वर्ष सरल्यावर. मुलगी, जावई व दहा वर्षांचा नातू अशी तिघे आमच्याकडे राहावयास आली. मुलास नव्या शाळेत मधल्याच सत्रात बसविणे भाग पडले. तो वेळेवर जाई, वेळेवर येई, दप्तर जागेवर ठेवी आणि विचारले तेवढ्याचे उत्तर देई. तक्रार म्हणून नाही. खाली आवारात इमारतीतील मुले सायंकाळी क्रिकेट खेळत. हा गॅलरीच्या कठड्यास हनुवटी टेकून त्यांचा खेळ पाही. ‘खाली जा की,’ असे म्हटले तर ‘नंतर जाईन’ म्हणे. आणि ते ‘नंतर’ कधी उजाडत नसे. अखेर त्याची आजी एके दिवशी म्हणाली, “त्याला काहीतरी जिवंत पाहिजे सोबतीला.” कुत्र्यास आमच्या इमारतीची हरकत, मांजराने जावयांस दम लागतो, आणि पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा. राहता राहिले मासे. त्यांस कोणाचीच हरकत नव्हती. माशांची काही हरकत असेल, हा विचार त्या वेळी कोणाच्याही डोक्यात आला नाही.

आम्ही आजोबा व नातू असे दोघे एका रविवारी सकाळी माशांच्या दुकानात गेलो. दुकान लहान, पण त्याच्या तीन भिंती खालपासून वरपर्यंत काचपेट्यांनी भरलेल्या. लुगड्यांच्या दुकानात शिरलेल्या मनुष्याची जी अवस्था होते तीच आमची झाली. हे घ्यावे की ते, असे नव्हते; हेही घ्यावे आणि तेही, असे होते. निळी-तांबडी रेघ झळकविणारे निऑन मासे सहा. रंगीत पंख्यासारख्या शेपटीचे गप्पी चार. पिवळ्या अंगावर काळे पट्टे ओढलेले टायगर बार्ब तीन. शिडासारखे पर उभारून संथ जाणारा एंजल एक. गोल्डफिश दोन, कारण त्यांवाचून पेटीस शोभा नाही असे सर्वांचेच मत. आणि शेवटी, ‘हा काच साफ ठेवतो’ म्हणून दुकानदाराने सुचविलेला सकर मासा एक. असे सतरा जीव प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून आम्ही निघालो. ‘हे सगळे एकत्र राहतील ना?’ असा प्रश्न आम्ही विचारला होता, हे आमच्या बाजूने नमूद केले पाहिजे. “काका, सगळे मिळूनमिसळून राहतात,” असे उत्तर आले. हेच उत्तर आम्हांस हवे होते, म्हणून दुसरा प्रश्न आम्ही विचारला नाही. पेटी दुपारी भरली आणि मासे सायंकाळी सोडले.

नातवाने त्याच दिवशी एक जुनी वही काढली, तिच्या पहिल्या पानावर तारीख घातली आणि पुढे आकडा मांडला : १७. रोज सकाळी शाळेस निघण्यापूर्वी तो पेटीपुढे उभा राही, बोटाने मोजी आणि आकडा लिही. मुलाचे मन कशात तरी गुंतले म्हणून आम्हांस समाधान वाटले. पहिले तीन दिवस वहीत सतराच होते. चौथ्या दिवशी सोळा झाले, पाचव्या दिवशी चौदा. नंतरच्या आठवड्यांत कधी एक दिवस आकडा स्थिर राही आणि दुसऱ्या दिवशी दोनांनी उतरे. तेविसाव्या दिवशी सकाळी त्याने ६ लिहिले, पेन्सिल वहीत ठेवली आणि तो शाळेस गेला. तो रडला नाही, त्याने हट्ट केला नाही, ‘नवे आणा’ असेही म्हटले नाही. मेलेला मासा चमच्याने काढून तुळशीच्या कुंडीत पुरण्याचे काम तो आजीबरोबर करी व हात धुऊन येई. ही शांतता आम्हांस त्याच्या रडण्याहून अधिक जाचू लागली.

आमचा पहिला तर्क अर्थातच मात्स्यन्यायाचा. टायगर बार्ब गप्पींच्या शेपट्या कुरतडताना आम्ही प्रत्यक्ष पाहिले होते, आणि दोन निऑन रात्रीतून नाहीसे झाले त्यांचे पुढे काय झाले हे एंजलच्या पोटाकडे पाहून कळत होते. ‘बळी तो कान पिळी’ हे तत्त्व पाण्यातही चालते, असे आम्ही जेवताना काहीशा विद्वत्तेने बोलून गेलो. त्यावर आमच्या गृहिणीने आमटी वाढता वाढता विचारले, “त्यांना कशाला दोष देता? त्यांना एका पेटीत घातलं कोणी?” या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते. उत्तर शोधण्यासाठी आम्ही ग्रंथ चाळू लागलो, जाणत्यांस विचारू लागलो, आणि जसजसे कळत गेले तसतशी आमची मान खाली जात गेली.

प्रथम कळले ते हे की, अकरांपैकी बहुतेक मासे कोणी खाल्ले नव्हते. ते पाण्याने मेले होते. मासा कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनिया सोडतो, आणि उरलेले अन्न कुजून त्यात भर पडते. नदीत हा अमोनिया वाहून जातो, विरळ होतो. पेटीत तो साठतो आणि ज्याने सोडला त्याचेच कल्ले जाळतो. यावर निसर्गाने योजलेला उपाय म्हणजे दोन प्रकारचे सूक्ष्म जंतू. एक अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच, दुसरे त्याचे नायट्रेट करतात, जे पुष्कळ सौम्य असून पाण्याचा काही भाग नियमाने बदलल्यास काबूत राहते. मातीत हेच काम करणारे जंतू सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले होते. हे जंतू वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. परंतु ती वस्ती भरभराटीस येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही त्यांस चार तासही दिले नव्हते. सतरा पाहुण्यांस जेवावयास बोलावून मोरी बांधावयाची विसरावी, तशातला हा प्रकार. पेटीतील सहनिवासी निवडताना पहिली निवड या न दिसणाऱ्या जंतूंची करावी लागते, हा धडा आम्ही अकरा जीव खर्ची घालून शिकलो.

दुसरी गोष्ट कळली ती मुलुखाची. निऑन हा वरच्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तेथील ओढ्यांचे पाणी मऊ, किंचित आम्ल आणि उबदार. गप्पी मूळचा व्हेनेझुएला, त्रिनिदाद या बाजूचा. त्यास क्षारयुक्त, जड पाणी मानवते. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडे विहिरींत व हौदांत सोडतात तो हाच. गोल्डफिश चीनमध्ये शतकानुशतके संवर्धन करून घडविलेला, थंड पाण्याचा जीव. टायगर बार्ब सुमात्रा-बोर्निओकडचा. आमच्या इमारतीत नळाच्या पाण्यात कूपनलिकेचे जड पाणी मिसळतात, आणि पुण्याच्या जानेवारीतील रात्री पेटीतील पाणी वीस अंशांच्या आसपास उतरे. ते पाणी गोल्डफिशला सुखाचे, निऑनला कडक व गार. एकाच्या सोयीसाठी ते तापवावे तर दुसऱ्याची गैरसोय. रंगसंगती पाहून आम्ही दोन खंडांतील पाणी एका पेटीत कोंबले होते. दुकानातल्या पेट्यांवर रंग दिसतो, गाव दिसत नाही.

परंतु गाव एक असले म्हणजे भागते, असेही नाही. एंजल हादेखील ॲमेझॉनचाच, निऑनचा देशबांधव. त्याचे पाणी तेच, ऊब तीच. आणि तेथे तो लहान मासे खाऊनच राहतो. तेव्हा गावाइतकेच तोंडाचे माप पाहणे अगत्याचे. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, तो आज ना उद्या त्यास गिळणार. यात वैर नाही, भूक आहे. तोंडाचे माप पाहावयाचे तेही दुकानातले नव्हे, पूर्ण वाढीचे. दुकानात बोटभर लांबीचा चंदेरी ‘शार्क’ म्हणून जो विकतात, तो मेकाँग नदीतील पंगास असून मीटरभराहून अधिक वाढतो. आम्ही आणलेला सकर मासाही फूट-दीड फूट होणारा. लांबीवरून हिशेब करण्याची एक जुनी पद्धत आहे : इतक्या पाण्यास इतके इंच मासे. पण दहा इंचांचा एक मासा म्हणजे एक इंचाचे दहा मासे नव्हेत. लांबी दहापट झाली की रुंदी आणि जाडीही दहापट होते, म्हणजे वजन हजारपटीकडे जाते. आणि घाण वजनाप्रमाणे होते, लांबीप्रमाणे नव्हे.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत नवलाची वाटली. टायगर बार्ब खोडकर म्हणून बदनाम आहेत, आणि आम्हीही त्यांस गुन्हेगार ठरवून मोकळे झालो होतो. परंतु हा मेळ्याने राहणारा मासा आहे. आठ-दहांच्या मेळ्यात त्यांची सारी धुसफूस आपापसांत वाटली जाते; कोण पुढे, कोण मागे याचा निवाडा ते एकमेकांतच करीत बसतात. दोन-तीनच ठेवले की ती धुसफूस शेजाऱ्याच्या शेपटीवर निघते. आम्ही ‘कमी आणले तर भांडण कमी’ असा हिशेब केला होता. बार्बांच्या बाबतीत तो नेमका उलटा होता. निऑनचेही तसेच. मेळा घटत गेला तसे उरलेले निऑन कोपऱ्यात, हिरवळीमागे लपून राहू लागले. त्यांचा रंग फिका पडला. आम्ही म्हटले, स्वभावाने भित्रे आहेत. ते भित्रे नव्हते. त्यांच्याबरोबरचे कोणी उरले नव्हते. हे वाक्य आम्ही टिपणवहीत लिहिले तेव्हा नातू शेजारच्या खोलीत अभ्यास करीत होता, आणि आम्ही लेखणी काही वेळ तशीच हातात धरून बसलो.

या सर्वांच्या मुळाशी असलेली गोष्ट आम्हांस कळली ती मात्र एका निराळ्याच माशामुळे. दुकानातून ‘फायटर’ या नावाने जो विकतात, तो सयाममधला, म्हणजे आजच्या थायलंडमधला, भातखाचरांत व उथळ दलदलींत राहणारा मासा. त्या देशाने २०१९ साली त्यास आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. त्याच्या डोक्यात एक चक्रव्यूहासारखे इंद्रिय असते. त्यामुळे तो पृष्ठभागी येऊन हवेतला प्राणवायू घेतो आणि कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो. दोन नर एकत्र आले की झुंजतात, आणि त्या झुंजींवर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पैजा लावल्या. पण खाचरात ही झुंज सहसा फार वेळ चालत नाही. दोघे पर फुलवितात, एकमेकांस जोखतात, दोन-चार तडाखे होतात, आणि ज्यास आपले बळ कमी वाटते तो निघून जातो. जेत्यास तेवढेच हवे असते. बरणीत हरणाऱ्यास निघून जाण्यास वाट नाही. आणि तो समोरच उभा दिसतो म्हणून जेत्याचा राग शमत नाही. ज्यास आपण माशाचे क्रौर्य म्हणतो त्यातील पुष्कळसा भाग या बंद वाटेचा असतो.

येथे आम्हांस आमची परीक्षेतील चार पाने आठवली. राजा नसला म्हणजे मात्स्यन्याय माजतो, असे आम्ही त्यांत लिहिले होते. आमच्या पेटीत राजा होता. पाणी त्याने निवडले, प्रजा त्याने निवडली, अन्न तो घाली, दिवा तो लावी व मालवी. आणि वेशीचे दार त्यानेच बंद केले होते. तरीही अकरा मेले. नदीत मोठा मासा लहानास खातो हे खरे. पण नदीत लहानास खडकाची फट असते, उथळ पाणी असते, हजारोंचा मेळा असतो, आणि काहीच नसले तर पुढचे वळण असते. ही सर्व साधने काढून घेऊन वर ‘बळी तो कान पिळी’ म्हणणाऱ्या राजास काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

उरलेल्या सहांची व्यवस्था करणे प्राप्त होते. गोल्डफिश एका मित्राच्या अंगणातील सिमेंटच्या हौदात गेला. एंजल व तिन्ही बार्ब मोठी पेटी बाळगणाऱ्या एका आप्तांकडे गेले. त्यांच्याकडे आधीच सात बार्ब होते, त्यात हे मिसळले. प्रश्न उरला सकर माशाचा. तो कोणासच नको होता. एका शेजाऱ्यांनी सल्ला दिला, ‘तळ्यात सोडा, पुण्य लागेल.’ तो सल्ला आम्हांस क्षणभर गोड वाटला हे कबूल केले पाहिजे. जीव सोडविल्याचे पुण्य आणि घरातील अडचण दूर, असा दुहेरी लाभ. परंतु हा दक्षिण अमेरिकेतला मासा अशाच पुण्यवंतांच्या हातून आपल्या पाण्यात शिरला आहे. कोलकात्याच्या पाणथळ भागांत तो माजला; आपल्याकडे उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत तो येऊ लागला. त्याच्या अंगावर हाडांच्या ताठ पट्ट्या व काटेरी पर. जाळे फाडतो, खाण्यास कोणी घेत नाही, आणि देशी माशांचे अन्न व जागा बळकावतो. आपल्या पेटीतील चूक तळ्यात ओतली म्हणजे ती धुतली जात नाही, केवळ मोठी होते. आम्ही तो मासा पिशवीत घालून त्याच दुकानात परत नेला. दुकानदाराने तो घेतला, पैसे दिले नाहीत, आणि आम्हीही मागितले नाहीत.

पेटी रिकामी झाली. त्या दिवशी वहीत नातवाने ० लिहिले. दुसऱ्या दिवशीही ० लिहिले. आम्ही त्यास म्हटले, “अरे, आता काय मोजतोस?” तो म्हणाला, “रोजचं लिहायचं असतं ना, आजोबा.” त्यावर आम्ही त्यास शेजारी बसविले आणि एका जुन्या पेटीची गोष्ट सांगितली.

१८४९ साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञाने सुमारे बारा गॅलनांचे एक काचपात्र घेतले. बारा गॅलन म्हणजे चौपन्न-पंचावन्न लिटर. जवळजवळ आमच्या पेटीएवढेच पात्र. त्यात त्याने वाळू व खडे घातले, व्हॅलिस्नेरिया ही पाण्यातली लांब पात्यांची वनस्पती लावली, आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. वनस्पतीने दिलेल्या प्राणवायूवर मासे जगतील व माशांच्या श्वासातून सुटणाऱ्या वायूवर वनस्पती, असे त्याचे अनुमान. काही दिवस ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर शेवाळ चढले. वॉरिंग्टनने मासे बदलले नाहीत, आणखी आणलेही नाहीत. डबक्यांत कुजकी पाने कोण खाते, हे त्याने पाहिले, आणि पात्रात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेला पाला व शेवाळ फस्त केले, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांस खाद्य झाली. ही हकीकत त्याने १८५० मध्ये तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडली. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथाने ‘अक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला. परंतु सहनिवासी कसा निवडावा याचा पाठ त्या गोगलगायींत आधीच होता. शोभेस काय हवे हे त्याने विचारले नाही. पेटीत कोणाची उणीव आहे, हे विचारले. नातवाने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “दोनच मासे होते?” आम्ही म्हटले, “दोनच.”

मग आम्ही दोघांनी सहा आठवडे रिकाम्या पेटीची निगा राखली. हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया लावली, एका कोपऱ्यात तरंगत्या वनस्पती सोडल्या, चार गोगलगायी आणल्या. न दिसणाऱ्या जंतूंच्या पोटासाठी रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकले. घरी आलेले लोक विचारीत, ‘मासे कुठे आहेत?’ नातू सांगे, “अजून यायचे आहेत.” दुकानात मिळणाऱ्या तपासणीच्या थेंबांनी तो आठवड्यातून दोनदा पाणी पाही, अमोनिया वाढला, मग उतरला, नायट्राइट वाढले, मग तेही उतरले, दोन्ही शून्यावर आले तो दिवस त्याने वहीत तांबड्या पेन्सिलीने लिहिला. शून्याचा आनंद होतो हे आम्ही त्या दिवशी प्रथमच अनुभविले.

दरम्यान निवड चालली होती, आणि या वेळी ती रंगावरून नव्हती. मूळ गाव कोणते, पूर्ण वाढ किती, तोंड केवढे, एकटा राहणारा की मेळ्याचा, वरच्या पाण्यातला की तळाचा, आणि भिऊन पळावे वाटले तर त्यास कोठे जाता येईल, असे सहा प्रश्न आम्ही एका कागदावर लिहिले. ज्या माशाची सर्व उत्तरे मिळत नाहीत तो आणावयाचा नाही, असे ठरले. पुष्कळ सुंदर मासे या कागदावर गळाले. जे दोन उरले ते आमच्याच देशातले निघाले. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील माशांविषयीचा आपला ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध केला. त्यात वर्णिलेल्या अनेक माशांपैकी एक म्हणजे निळसर पट्ट्यांचा चपळ झेब्रा मासा. हाच पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला व २०१३ साली त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. दुसरा म्हणजे मधाच्या रंगाचा हनी गुरामी, फायटरच्याच आप्तांपैकी, वर येऊन हवा घेणारा, परंतु स्वभावाने शांत. त्याचेही नाव त्याच ग्रंथातले. दोघेही दीड-दोन इंचांचे, दोघेही उत्तर व पूर्व भारताच्या संथ पाण्यातले, कोणाचे तोंड कोणास मावत नाही, आणि पुण्याची थंडी झेब्र्यास सहज व गुरामीस थोड्या उबेने सोसते.

प्रथम सहा झेब्रे आणले. तीन आठवडे पाणी स्थिर राहिल्याचे पाहून मग गुरामीची एक जोडी आणली. कागदावर सर्व जुळले होते. तरीही पेटीने आम्हांस आणखी एक धडा दिला. झेब्रे इतके चपळ की खाद्य पाण्यास टेकते न टेकते तोच फस्त. गुरामी विचार करीत करीत पुढे येत, तोवर पंगत उठलेली असे. कोणी कोणास चावले नाही, कोणी कोणास हाकलले नाही. तरी जोडीतील मादी आठवड्यात रोड दिसू लागली. हे आमच्या लक्षात आले नव्हते, नातवाच्या आले. तो म्हणाला, “आजोबा, तिला कोणी त्रास देत नाही. पण तिच्यासाठी थांबतपण कोणी नाही.” मग त्यानेच तोड काढली. झेब्र्यांस पेटीच्या एका टोकास खाद्य टाकावयाचे, आणि ते तिकडे धावले की दुसऱ्या टोकास, तरंगत्या पानांच्या सावलीत, गुरामींस निराळे वाढावयाचे. पंधरा दिवसांत मादी भरली. नर पानांखाली बुडबुड्यांचे घरटे रचू लागला व त्याचा रंग गडद मधासारखा झाला. झेब्रे दिवसभर पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रांगेत धावत. वहीत रोज ८ पडत होते.

मे महिना लागला. शाळेस सुटी होती. एके सकाळी आम्ही चहाचा पेला घेऊन पेटीपाशी गेलो तो वही बंद होती. उघडून पाहिली. आदल्या दिवशीची तारीख होती व तिच्यापुढे ८ होते. त्या दिवशीची जागा कोरी. आमच्या पोटात धस्स झाले. आम्ही घाईने मोजू लागलो. झेब्रे स्थिर राहत नाहीत, म्हणून तीनदा मोजावे लागले. आठही होते. मादी गुरामी पानांच्या सावलीत स्वस्थ उभी होती. गोगलगाय काचेवरून आपल्या गतीने चढत होती.

“अहो, तो कुठे आहे?” आम्ही आत विचारले.

“खाली गेलाय कधीचा,” स्वयंपाकघरातून उत्तर आले. “मुलं बोलवायला आली होती.”

आम्ही गॅलरीत गेलो. आवारात सात-आठ मुले होती, आणि चेंडू कोणाच्या गाडीखाली गेला होता. आमचा नातू पालथा पडून तो काठीने ओढीत होता व बाकीची ओरडून त्यास सूचना देत होती. आम्ही पुन्हा आत आलो, पेन्सिल घेतली आणि त्याची जागा भरून टाकावी म्हणून वही उघडली. मग विचार बदलला, आणि ती तशीच मिटून ठेवली.